बारावा प्रांत

दर रविवारी दुपारी तुमच्या ओट्यावर चार माणसं डोक्याला डोकी लावून काय करतात, असं सांडोरच्या ॲन्सेल्म अंकलना कुणी विचारलं, की ते शांतपणे सांगत, "भटकतो." ओटा जेमतेम दहा फुटांचा, पुढे केळीची बाग, तिथं भटकणार ते किती! शेजाऱ्यांना आधी पत्त्यांचा संशय आला, मग प्रार्थनेच्या एखाद्या नव्या पंथाचा. शेवटी ‘म्हातारा रिकामा बसलाय, करू दे काय करायचं ते’ म्हणून त्यांनी नाद सोडला.

खरं म्हणजे ते मॅरोवेन खेळत. परदेशात निघालेला, अठ्ठावीस वर्षं जुना खेळ. यात सोंगट्या पुढे सरकवून कुणी जिंकत नाही. एक जण सूत्रधार होतो आणि समोर काय दिसतंय ते सांगतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन ‘मी आता असं करतो’ म्हणतात, आणि ते जमतं की फसतं हे फासे ठरवतात. या ओट्यावर अशी एकच गोष्ट अकरा वर्षं चालली होती. कंपनी दोन-तीन वर्षांनी एक जाडजूड पुस्तक काढी. दर पुस्तकात मॅरोवेन देशाचा एक प्रांत, तिथले डोंगर, राजे, रस्ते, भुतं, सगळं बैजवार. बारांपैकी अकरा प्रांत झाले होते. बारावा म्हणजे नदीच्या मुखापलीकडचा, नकाशाच्या कडेचा एक पांढरा तुकडा. त्यावर नाव नाही की गाव नाही.

त्या पांढऱ्या तुकड्यावर एस्थरनं आपलं बस्तान बसवलं होतं. एस्थर भुईगावची, वय चाळीस, पापडीच्या एका लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी, आणि या टोळक्याची सूत्रधार. तिनं त्या तुकड्याला पैलकाठ नाव दिलं आणि सहा वह्या भरून काढल्या. सात गावं. एकशे त्रेचाळीस माणसं, नावनिशीवार. कुणाच्या विहिरीचं पाणी भरतीला मचूळ होतं, कुणाचं कुणाशी का पटत नाही, लग्नात वरमाईच्या आधी कुणाला वाढायचं, हे सगळं त्यात होतं. कंपनीला अठ्ठावीस वर्षांत जे सुचलं नाही ते हिनं भाजी निवडता निवडता उभं केलं. याचा तिला अभिमान होता आणि तो ती फारसा लपवतही नसे.

पण टेबलाचा एक नियम होता. तो केला होता ॲन्सेल्म अंकलनी, आणि त्यांची चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी करण्यात गेलेली. मुलगा जॉयल कॅनडाला जाताना खेळाचा खोका माळ्यावर टाकून गेला. निवृत्तीनंतर अंकलनी ‘बघू तरी काय आहे’ म्हणून तो खाली काढला आणि पुरते अडकले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला नाद लागला, की तो नियमावलीसकट लागतो. खोक्याच्या झाकणाच्या आत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘टेबलावर ठरलेली गोष्ट व पुस्तकात छापील गोष्ट यांत विरोध आल्यास छापील गोष्ट ग्राह्य धरली जाईल.’ खाली सगळ्यांच्या सह्या.

नियम नुसता शोभेचा नव्हता. तीन वर्षांपूर्वी विरारच्या संकेतनं, म्हणजे टोळक्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यानं, जीव तोडून एक शहर वाचवलं होतं. नवं पुस्तक आलं तर त्यात ते शहर कधीच जळून गेलेलं. संकेत अगदी रडकुंडीला आला. अंकलनी झाकण उलटं करून नियम वाचला, चहा ओतला, आणि शहर जळालं.

म्हणून त्या रविवारी कंपनीनं नव्या पुस्तकाचं पहिलं चित्र टाकलं, तेव्हा बाकीचे हरखले आणि एस्थरनं हातातली वही मिटली.

चित्रात फार काही नव्हतं. धुकं, धुक्यात एक मोठं लाकडी चाक, चाकावरून खाली गेलेली कसलीशी माळ. खाली दोनच वाक्यं: ‘पुढच्या वसंतात. नीट पाहा.’

"वाळवंट," संकेत म्हणाला. "शंभर टक्के. जुन्या वाळवंटाचं पुस्तक नवीन करून काढतायत. हे चाक बघ ना, कसलं मशीन टाइप आहे. वाळू उपसायचं असणार."

"वाळवंटात धुकं कुठून येईल रे?" विनया म्हणाली. ती नालासोपाऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि चित्राच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायची नाही. "रंग ओले आहेत सगळे. मला वाटतं डोंगरातलं काहीतरी. ड्रॅगनला बांधायची साखळी असेल ती."

"एवढ्याशा माळेनं ड्रॅगन? ड्रॅगन आहे की बोकड?"

"ताई, तू सांग," विनया एस्थरकडे वळली. "तुझं नेहमी बरोबर येतं."

तेही खरंच होतं. कंपनी आता काय काढणार याचा अंदाज बांधण्यात एस्थरचा हात कुणी धरत नसे. मागच्या पाच पुस्तकांपैकी चार तिनं महिनाभर आधी ओळखली होती. आत्ताही तिनं चित्र पाहिलं त्या क्षणी ओळखलं होतं. वटारला मामांच्या वाडीत अगदी लहानपणी तिनं तसलंच चाक फिरताना पाहिलं होतं. आणि चाकाच्या बुडाशी, धुक्यात, चित्रकारानं शिंपल्यांचा पांढरट थर काढला होता. म्हणजे किनारा. मॅरोवेनमध्ये पुस्तक न झालेला किनारा एकच होता.

"मला नाही कळत," एस्थर म्हणाली.

अकरा वर्षांत ती या टेबलावर पहिल्यांदा खोटं बोलली, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

अंकलनी चष्मा पुसला, संकेतचा फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा रहाट आहे."

"म्हणजे काय?" विनयानं विचारलं.

"म्हणजे तुम्ही मोटारपंपाच्या जमान्यातली पोरं. ही विहीर. हे चाक. ही माळ आहे ना, तिला मडकी बांधलेली. रेडा गोल फिरतो, चाक फिरतं, भरलेली मडकी वर येऊन पन्हळीत ओततात. तिथून पाणी पाटानं केळींना. या बागेतही होता. आणि हे बघा," त्यांनी चित्रावर नख टेकवलं, "मडकी अख्खी आहेत. रहाटावर मातीचं मडकं टिकतं किती? आठवड्याला दोन-तीन तरी फुटायची. नवी बांधायचं काम आम्हा पोरांकडे. एकही फुटकं नाही, याचा अर्थ रहाट चालू आहे. सबब तिथे माणसं राहतात. आज, आत्ता."

"आणि खाली शिंपले आहेत!" विनया ओरडली.

"पैलकाठ!" संकेत टुणकन उठला. "अंकल, पैलकाठ येतंय! अठ्ठावीस वर्षांनी! अरे यार, मी उद्याच..." आणि मग त्याची नजर एस्थरकडे गेली. पुढचं वाक्य तो तसंच गिळून खाली बसला.

अंकल एस्थरकडेच बघत होते. "तुला दिसलं होतं."

"हो."

"मग?"

"नाही सांगावंसं वाटलं," एस्थर म्हणाली. "त्यांचं पुस्तक आलं की माझी माणसं गेली. एकशे त्रेचाळीस. मी काय उड्या मारू?"

नियम सगळ्यांना पाठ होता. झाकण उलटं करायची गरजच नव्हती.

त्यानंतरचा महिना एस्थरनं कसा काढला म्हणाल, तर पहिला आठवडा धुमसण्यात. परक्या मुलखातली कुणी चार माणसं बसणार आणि तिच्या सात गावांवर नांगर फिरवणार! लॅबमध्ये तिनं दोन नमुन्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या आणि वेळीच लक्षात आल्यावर स्वतःलाच चार शिव्या घातल्या. भुईगावला घरी येऊन वह्या काढून बसली, की तिची आई अँजेलिना चुलीपाशी वाकून विचारायची, "काय झालं? कोन मेलं काय?"

"अजून नाही," एस्थर म्हणायची. मग एकदा तिनं आईला सगळं सांगितलं.

आईनं नीट ऐकून घेतलं. "मंग त्यांची मानसं येतील तर येऊ दे की. तुझी मानसं शेजारी ठेव. जागा हाय ना?"

"नियमात बसत नाही, आई."

"नियम करनाऱ्याला जेवायला बोलव," आई म्हणाली आणि माशाला मीठ लावायला निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यात मात्र गंमत झाली. राग होता तिथंच होता, पण त्याच्या मागून कुतूहल हळूच पुढे सरकलं. ओट्यावर तर्कांना ऊत आला होता. संकेतनं कंपनीची जुनी पत्रकं चाळून शोध लावला की मागच्या वर्षी त्यांनी भरती-ओहोटीच्या एका जाणकाराचे आभार मानले होते. विनयानं धुक्यातून एक पक्षी हुडकून काढला. तो चिखलातला छोटा तुतवार की बगळा यावर सगळी दुपार गेली आणि त्या दिवशी खेळच झाला नाही. अंकलनी तर ‘युक्तिवाद’ आणि ‘पुरावा’ अशा दोन रकान्यांची वहीच घातली. तर्क करणारी माणसं पाहावीत तर अशी. पुस्तक यायला अजून पाच महिने होते आणि यांनी तिथल्या बोटींना शिडं किती इथपर्यंत मजल मारली होती.

आणि एस्थर? ती सगळ्यात पुढे. त्यांची माणसं कशी असतील, याचा विचार केल्याशिवाय तिला राहवेना. रहाट आहे, म्हणजे बागा आहेत. बागा आहेत, म्हणजे पाण्याच्या पाळ्या आहेत, आणि पाळ्या आहेत म्हणजे भांडणं आलीच. ती भांडणं कोण सोडवत असेल? तिच्या पैलकाठावर सुगीचा पहिला कणसांचा भारा सगळ्यांत धाकट्या सुनेच्या हातून आत जायचा. त्यांच्याकडे कुणाच्या हातून जात असेल? तिनं कागदावर अंदाज लिहायला घेतले आणि बघता बघता वीस झाले. आणि एक दिवस, सूक्ष्मदर्शकावरून मान वर करताना, तिच्या लक्षात आलं की आपल्याला नुसती भीती वाटत नाहीये. आपण वाटसुद्धा बघतोय. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुणाला तरी तोच पांढरा तुकडा पाहून तेच सुचलं असेल का? सगळं नको. एक तरी जुळावं. एक गाव, एक चाल, एखादी तिखट जिभेची म्हातारी. तेवढं जुळलं तर बाकीची माणसं गेली तरी आपण सोसू, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं.

पुस्तकाची घोषणा झाली ती महिनाभरानं, एका रविवारी सकाळी, इकडे चर्चमध्ये मिस्सा चालू असताना. प्रवचनाच्या मध्यावर एस्थरच्या पर्समधला फोन थरथरला. तिनं तो बाहेर काढला नाही. अंकलचा सक्त हुकूम होता की चौघं जमल्याशिवाय कुणी काही वाचायचं नाही. तो हुकूम पाळताना संकेतचे काय हाल झाले असतील ते त्यालाच ठाऊक. तीन वाजताच तो ओट्यावर येऊन बसला होता.

चार वाजता अंकलनी मान हलवली आणि संकेतनं वाचायला सुरुवात केली. पुस्तकाची दोन पानं कंपनीनं नमुन्याला खुली केली होती. तो इंग्रजी वाचून लगेच मराठीत सांगत होता.

"बारावा प्रांत... येस! पलीकडचा किनारा. ऐका. ‘या किनाऱ्यावर कोणी राहत नाही.’" तो थांबला. "‘कधीच कोणी राहिलेलं नाही. गाव नाही, शेत नाही, वाट नाही. दलदल आणि तिच्यातली श्वापदं, एवढंच. किनाऱ्यावर एक प्राचीन चाक उभं आहे. ते कुणी उभारलं आणि कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नाही.’"

विनयाला आधी हसूच फुटलं. "त्यांना माहीतच नाहीये! कुठलातरी जुना फोटो बघून काढलंय चित्र. रहाट आहे हे त्यांना ठाऊकच नाही!"

संकेतही हसला. अंकलच्या मिश्या हलल्या. महिनाभर त्यांनी त्या चाकावरून बागा लावल्या, पाळ्या लावल्या, होड्यांना शिडं चढवली, आणि काढणाऱ्याला ते नुसतं एक गूढ चाक वाटलं होतं. तर्कात एवढी मोठी चूक या ओट्यावरच्या माणसांनाच करता आली असती. दुसरं कोण रहाट ओळखणार होतं?

एस्थर हसली नाही. तिच्या हातात वीस अंदाजांचा कागद होता. चुकलेत म्हणायलाही समोर काही नव्हतं. कुणीतरी आपल्याहून सरस माणसं उभी केली असती तर ती जळली असती, रडली असती, पण रात्रभर जागून वाचलं असतं. यांनी तर नुसतं बघितलं आणि ‘कोणी नाही’ असं लिहून टाकलं. तिला फार वाईट वाटलं, आणि ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

"अंकल, हरकत," संकेत घाईनं म्हणाला. "चित्रपण छापीलच आहे ना? मडकी अख्खी आहेत. तुम्हीच म्हणालात, माणसं राहतात. आत्ता."

"मजकूर आणि चित्र यांत विरोध आला तर मजकूर," अंकल म्हणाले. चौतीस वर्षांची सवय, तोंडातून आपसूक निघालं. चहावर साय धरली तरी कप तसाच.

"एक सांगतो," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा माझी पस्तिशी असेल. एका कचेरीत भिंतीवर आपल्या भागाचा नकाशा लावला होता. नवा, मोठा, रंगीत. मी आपला कौतुकानं माझं घर शोधायला गेलो. सांडोर ते भुईगाव सगळा पट्टा पांढरा. मी तिथल्या माणसाला विचारलं, साहेब, इथे आम्ही राहतो. तो म्हणाला, नकाशात तर काही नाही. सभ्य माणूस होता, चहा विचारला त्यानं. मी घरी आलो. इथेच, या ओट्यावर, आई तांदूळ पाखडत होती. मी तिच्याकडे बघत किती वेळ उभा राहिलो असेन. ती म्हणाली, काय झालं रे, भूत बघितलंस काय?" त्यांनी खोक्याचं झाकण उलटं केलं आणि खिशातलं पेन काढलं. "नियम मी केला होता. मीच खोडतो."

अंकलनी नियम खोडणं म्हणजे काय, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"थांबा, अंकल," एस्थर म्हणाली. "संकेत, हे पुस्तकात कोण सांगतंय? वर काही लिहिलंय का?"

संकेतनं पान वर सरकवलं. "लिहिलंय. बारीक अक्षरात. ‘राजाच्या मोजणीदाराच्या अहवालातून.’"

"कसा आला होता तो?"

"‘जहाजावरून पाहणी केली,’ असं आहे."

"उतरला होता?"

संकेतनं परत वाचलं. "नाही. तसं कुठेच नाही."

एस्थरनं पेनाचं टोपण उचललं आणि अंकलच्या पेनाला परत लावलं. "मग खोडू नका. छापलंय ते खरंच आहे. जहाजावरून मोजणीदाराला कोणी दिसलं नाही. त्यानं तसं लिहिलं. मला मान्य आहे." तिनं सहावी वही ओढून घेतली आणि कोरं पान काढलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती. "अंकल, तुमचा नावाडी कुठे आहे?"

अंकलना कळायला एक क्षण लागला. मग ते सावरून बसले. अकरा वर्षं ते या खेळात नदीच्या मुखाशी होडी चालवत होते. "अलीकडच्या धक्क्यावर. भरतीची वाट बघतोय."

"भरती आली. होडीत आज एक नवीन उतारू बसलाय. अंगात राजाचा कोट, काखेत नकाशाची गुंडाळी. वरून हुकूम आलाय म्हणतो, पाहणी परत करायची. या खेपेला उतरून."

"भाडं दिलंय का त्यानं?" विनयानं विचारलं.

"दिलंय. भेदरलाय जरा. तुम्ही त्याला पलीकडे घेऊन जाता?"

अंकलनी फासे उचलले, टाकले, आणि चष्म्यातून वाकून पाहिले. "नेतो," ते म्हणाले. "होडी लागली काठाला. कोण आहे तिथे?"

"एक बाई. पाटाचं पाणी वळवायला आलीय, हातात फावडं. हा उतरतो, चिखलात घोट्यापर्यंत रुततो, आणि तिला बघून तसाच उभा राहतो. बाईला दया येते. ती विचारते, कुठले तुम्ही? हा राजधानीचं नाव सांगतो. ती फावडं ठेवते, घरात जाते, आपल्या लोकांनी काढलेला नकाशा घेऊन येते, जमिनीवर पसरते. हात पुसून त्यावर बोट फिरवते, एकदा इकडून, एकदा तिकडून." एस्थरनं मान वर केली. "आणि म्हणते, ‘नाही हो. तिकडं तर सगळं पांढरंच आहे. तिकडं कोणी राहतं काय?’"